क्लिक येतात, पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक गायब: मोबाईलवरचा स्पीड आणि जाहिरातीचा पैसा

चाटीगल्लीकर
नमस्कार मंडळी. आमचं सोलापुरात चादर-टॉवेल-नॅपकिनचं घरचं दुकान, आजोबांपासूनचं. लॉकडाऊननंतर एका एजन्सीकडनं वेबसाईट करून घेतली, दिसायला एकदम झकास, वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला मोबाईलवर काढून दाखवतात. फेसबुक-इन्स्टाला जाहिरात चालू आहे आणि क्लिकही बरे येतात, पण हल्ली मी स्वतः अ‍ॅड्स मॅनेजर उघडून बघायला लागलोय तर त्यात 'लिंक क्लिक' आणि 'लँडिंग पेज व्ह्यू' असे दोन वेगळे कॉलम आहेत आणि दोन्हीत मोठा फरक, म्हणजे शंभर जणांनी क्लिक केलं तर पान बघितलेले साठच्या आसपास. पैसे तर शंभराचे गेले ना ओ! मग मधले चाळीस गेले कुठं? एजन्सीवाला म्हणतो असं असतंच, बजेट वाढवा. मेव्हणा म्हणतो साईट मोबाईलवर हळू उघडते म्हणून लोक परत जातात. माझ्या फोनवर तर फटकन उघडते.

जाणकारांनी सांगा, स्पीडचा धंद्यावर खरंच एवढा फरक पडतो, का हे पण एक नवीन खूळ?

कडक_भाकरी
रुमाल टाकून ठेवतो. आमचीबी हीच बोंब आहे.

जुळे_सोलापूरचा_वेबवाला
मालक, तुमच्या फोनवर फटकन उघडणारच. तुम्ही दिवसातनं चार वेळा उघडता, फोटो-बिटो सगळं फोनमध्ये आधीच साठलेलं असतं, शिवाय घरी वायफाय. इनकॉग्निटो उघडा, वायफाय बंद करा आणि दुकानातल्या पोराचा स्वस्तातला फोन घेऊन बघा, मग सांगा.

आता त्या दोन कॉलमचं. लिंक क्लिक म्हणजे कुणीतरी जाहिरातीवर बोट टेकवलं, बास. लँडिंग पेज व्ह्यू तेव्हाच मोजला जातो जेव्हा तुमचं पान खरोखर उघडून त्यातला मेटाचा (फेसबुक-इन्स्टाची कंपनी) पिक्सेल, म्हणजे मोजणीचा छोटा कोड, चालतो. माणूस पांढऱ्या स्क्रीनकडं बघून कंटाळून मागं फिरला तर क्लिक मोजलं गेलं, व्ह्यू नाही. (आणि मेटा बहुतेक वेळा जाहिरात दाखवल्याचे पैसे लावतं, क्लिकचे नाही, पण तुमच्या हिशेबात फरक पडत नाही, खिशातनं गेलेच.)

पण सगळे चाळीस स्पीडमुळेच गेले असंही म्हणू नका. चुकून बोट लागणारे असतात, काहींच्या फोनमध्ये पिक्सेल अडवणारी सेटिंग असते. थोडा फरक प्रत्येकाचा असतो. चाळीस मात्र जास्तच आहेत.

यंत्रमाग
स्पीड बीड काय नसतंय बे. आमचा माल हैदराबाद, विजयवाडा, इंदूरला जातो, सगळा फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर. फोटो टाकला, रेट सांगितला, गठ्ठा ट्रान्सपोर्टला टाकला. साईट आहे आमची पण, तिच्यावरनं एक ऑर्डर आली असेल तर शप्पथ. आधी एजन्सीवाले साईट विकतात, मग एसईओ, म्हणजे गूगलवर वर आणून देणं, विकतात, आता स्पीड विकायलेत. उद्या अजून काहीतरी आणतील.

नवीपेठ_ते_पुणे
यंत्रमाग काकांचं अर्धं बरोबर आहे, अर्ध्यावर नंतर येते. मी मूळची सोलापूरची, पुण्यात पर्फॉर्मन्स मार्केटिंगमध्ये आहे, म्हणजे लोकांचे जाहिरातीचे पैसे कसे कमी वाया जातील ते बघणं हेच काम.

आधी गूगलचं थोडं सांगते कारण एजन्सीवाले इथंच घाबरवतात. डेस्कटॉपच्या सर्चमध्ये स्पीड धरायला गूगलने २०१० मध्ये सुरुवात केली, मोबाईल सर्चमध्ये जुलै २०१८ पासून, आणि २०२१ मध्ये पेज एक्सपिरियन्स नावाचं अपडेट आलं त्यात कोअर वेब व्हायटल्स आले. तीन मापं आहेत. एलसीपी, म्हणजे पानावरचा सगळ्यात मोठा भाग, बहुतेक वेळा वरचा मोठा फोटो, किती वेळात दिसला, तो अडीच सेकंदांच्या आत हवा. सीएलएस, म्हणजे वाचता वाचता पान खाली-वर उडतं का, ते ०.१ च्या आत. आणि आयएनपी, म्हणजे बटण दाबल्यावर पान किती वेळात हलतं, ते २०० मिलिसेकंदांच्या आत. हे तिसरं माप मार्च २०२४ मध्ये बदललं, त्याआधी एफआयडी नावाचं माप होतं. आणि हे सरासरीवर नाही मोजत, येणाऱ्या शंभरातल्या पंचाहत्तर जणांना तरी तेवढं चांगलं मिळायला हवं असा हिशेब आहे.

पण ऐका, हे सगळं करून तुम्ही एकदम पहिल्या नंबरवर जाल असं कुणी सांगितलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. सर्चमध्ये मजकूर जुळणं हे कितीतरी जड पडतं, स्पीडचं वजन त्यापुढं हलकं. स्पीडचा खरा पैसा जाहिरातीत आणि विक्रीत आहे. गूगल अ‍ॅड्समध्ये क्वालिटी स्कोर तीन गोष्टींवर ठरतो, क्लिक येण्याची शक्यता, जाहिरात शोधाशी किती जुळते आणि लँडिंग पेजचा अनुभव. तिसऱ्यात 'सरासरीपेक्षा कमी' आलं की त्याच जागेसाठी तुम्हाला शेजाऱ्यापेक्षा जास्त मोजावे लागू शकतात.

शेंगाचटणी
ताई ते "तीन सेकंदांपेक्षा जास्त लागलं की निम्मे लोक पळतात" हे खरं का? प्रत्येक एजन्सीच्या पीपीटीत असतं.

नवीपेठ_ते_पुणे
५३ टक्के. तो गूगलचाच २०१६ चा आकडा आहे, मोबाईलवरच्या भेटींचा. दिशा बरोबर आहे पण त्याला इतकी वर्षं झाली, आपल्याकडं जिओ आलं तेच मुळी सप्टेंबर २०१६ ला, त्यामुळं सोलापूरच्या गिऱ्हाइकाला तो आकडा जसाच्या तसा चिकटवू नका. मला त्यापेक्षा व्होडाफोन इटलीचं उदाहरण आवडतं. त्यांनी एकाच पानाच्या दोन आवृत्त्या केल्या, दिसायला सारख्या, एक फक्त जलद, आणि येणारे लोक दोन्हीत वाटून दिले. एलसीपी ३१ टक्क्यांनी सुधारला आणि विक्री ८ टक्क्यांनी वाढली. एकाच वेळी दोन्ही चालवल्या म्हणून ह्यावर विश्वास ठेवता येतो. आधी हळू होतं, मग जलद केलं आणि विक्री वाढली असं सांगतात तेव्हा मध्ये दिवाळी येऊन गेली का तेवढं विचारायचं.

यंत्रमाग
इटलीचं इटलीत. इथं गिऱ्हाईक 'रेट काय' एवढंच विचारतंय.

जुळे_सोलापूरचा_वेबवाला
चाटीगल्लीकर, साईट बघितली, मेसेजमध्ये लिंक पाठवल्याबद्दल आभार. तुमची परवानगी गृहीत धरून इथंच लिहितो, बाकीच्यांनाही उपयोग होईल. लॅपटॉपवर क्रोममध्ये एफ-१२ दाबून नेटवर्कच्या टॅबमध्ये सगळं दिसतं, काय काय उतरतंय आणि किती वजनाचं.

सगळ्यात वर स्लायडर आहे, पाच फोटोंचा. प्रत्येक फोटो स्टुडिओवाल्याने कॅमेऱ्यातनं काढून दिला तसाच चढवलाय, चार-चार एमबीचा. मोबाईलवर दिसतो पाचातला एक, उतरतात पाचही. त्याखाली मागाचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो. मग चॅटचा हिरवा गोल, मग 'दहा टक्के सूट, तुमचा नंबर द्या' असा पॉपअप, तो येतो तोच पान उडवत येतो आणि त्याचा फुलीचा बटण एवढा बारीक की माझंच बोट लागेना. आणि पिक्सेल दोन वेळा टाकलाय, एकदा थीममध्ये, एकदा टॅग मॅनेजरमधनं (असे मोजणीचे कोड, म्हणजे टॅग, एका जागी ठेवायचं साधन), म्हणजे तुमचे व्ह्यूचे आकडे पण धड नाहीत, ते साठ खरे तर त्याहून कमी असतील.

सर्व्हर अमेरिकेत आहे. इथनं अमेरिकेला एक निरोप जाऊन परत यायला दोनशे मिलिसेकंदांच्या वर जातात, आणि पहिलं अक्षर यायच्या आधी असे दोन-तीन हेलपाटे होतात, ओळख-पाळख, कुलूप-किल्ली सगळं. होस्टिंग मुंबईचं घ्या किंवा मध्ये क्लाउडफ्लेअरसारखं सीडीएन (साईटची प्रत गिऱ्हाइकाच्या जवळच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) टाका, हे सगळ्यात स्वस्त काम.

चाटीगल्लीकर
बापरे. व्हिडिओ वडिलांच्या हट्टापायी टाकलाय, तो काढला तर घरात महाभारत. बाकीचं समजलं. फोटो लहान करायचे म्हणजे एखाद्या अ‍ॅपवरनं दाबायचे का? मी एकदा करून बघितले तर चादरीची वीण पार पुसली गेली, सगळं गुळगुळीत दिसायला लागलं. चादरीत वीणच दिसली नाही तर गिऱ्हाईक घेणार कशाला.

नवीपेठ_ते_पुणे
हा आपल्या मालाचा खास त्रास आहे आणि कुठल्या इंग्रजी लेखात सापडणार नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जेपीईजी असो वा वेबपी (दोन्ही फोटोच्या फाईलचे प्रकार), फोटो दाबतात ते बारीक तपशील टाकून. कोऱ्या भिंतीचा किंवा स्टीलच्या डब्याचा फोटो एकदम लहान होतो कारण त्यात टाकायला भरपूर आहे. जॅकार्ड चादरीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बारीक दोऱ्यांची नक्षी, सगळा तपशीलच तपशील. म्हणून त्याच मापाचा, त्याच क्वालिटीचा चादरीचा फोटो डब्याच्या फोटोपेक्षा कितीतरी जड होतो आणि जबरदस्तीने दाबला की पहिली जाते ती वीण. टेरी टॉवेलचं पण तेच, फंदे दिसले पाहिजेत ना, ते दिसले नाहीत तर तो साधा पंचा वाटतो.

उपाय असा की एकच फोटो सगळीकडं वापरू नका. यादीत, जिथं एका स्क्रीनवर चार-सहा चादरी दिसतात, तिथं कुणी वीण बघत नाही, रंग आणि डिझाईन बघतं, तिथं लहान मापाचा वेबपी द्या. चादर उघडली की मध्यम. आणि बोटांनी मोठं करून बघणाऱ्यासाठी वेगळा, फक्त एका कोपऱ्याचा जवळून काढलेला फोटो, काठ आणि वीण स्पष्ट, तो मागितल्यावरच उतरेल असा. अख्ख्या चादरीचा प्रचंड फोटो देण्यापेक्षा हा कोपरा जास्त विकतो, दुकानात पण गिऱ्हाईक चादर पूर्ण उलगडायच्या आधी काठच चिमटीत धरून बघतं.

आणि एक. लेझी लोडिंग, म्हणजे फोटो स्क्रीनवर यायच्या वेळीच उतरवणं, सगळ्या फोटोंना लावू नका. खालच्यांना लावा. सगळ्यात वरच्या फोटोला लावलं तर तोच उशिरा येतो आणि एलसीपी बिघडतो. वर्डप्रेसवाले प्लगिन टाकून डोळे मिटून सगळ्यांना लावतात.

गड्ड्यातला_पाळणा
ताई हे भारी सांगितलंत. +१

कडक_भाकरी
ते एएमपी की काय असतंय ते करायचं का? मला एकानं सांगितलं की एएमपी केलं की गूगल विजेचं चिन्ह दाखवतं आणि पान टचकन उघडतं. कोटेशनबी दिलंय.

जुळे_सोलापूरचा_वेबवाला
कोटेशन परत पाठवा. एएमपी, म्हणजे मोबाईलसाठी हलक्या पानांचा ठरावीक साचा, गूगलने ऑक्टोबर २०१५ ला जाहीर केलं, फेब्रुवारी २०१६ पासून सर्चमध्ये दिसायला लागलं. त्या काळी त्याला अर्थ होता, विशेषतः बातम्यांच्या साईटना, कारण मोबाईलवर वरती टॉप स्टोरीजमध्ये यायचं तर एएमपी लागायचंच. २०२१ ला ती अट काढली, ते विजेचं चिन्हही गेलं. त्याच्यात पान गूगलने साठवलेल्या प्रतीतनं उघडायचं, वर पत्ता गूगलचा दिसायचा, आपल्या पसंतीचं जावास्क्रिप्ट (पानात चालणारा कोड) चालायचं नाही, त्यामुळं दुकानवाल्यांना ते कधी नीट बसलंच नाही. फेसबुकचं इन्स्टंट आर्टिकल्स पण तसंच, २०१५ ला आणलं आणि २०२३ ला बंद. जे काम दुसऱ्याच्या घरात राहून जलद होतं ते त्याच्या मर्जीवर असतं. स्वतःचं साधं पान हलकं करा, ते कुणी बंद करत नाही.

यंत्रमाग
हे मात्र पटलं.

युनिफॉर्मवाली
मी शाळेच्या युनिफॉर्मच्या लाईनीत आहे, अक्कलकोट रोडला युनिट. मी वेबसाईट प्रकरणच सोडून दिलं. जाहिरातीवर टॅप केलं की सरळ व्हॉट्सअ‍ॅप उघडतं, तशी जाहिरात चालवते. ना पान, ना स्पीड, ना ते एलसीपी. शाळेचे शिक्षक, ट्रस्टी लोक, त्यांना व्हॉट्सअ‍ॅपच सोयीचं. मला वाटतं छोट्या धंद्याला हेच बरं, उगाच साईटच्या मागं लागून पैसे घालवायचे.

नवीपेठ_ते_पुणे
युनिफॉर्मवाली, तुमच्या धंद्याला एकदम योग्य आहे, एक शाळा म्हणजे शेकडो जोड, बोलून बोलूनच ऑर्डर ठरते, आणि यंत्रमाग काकांचंही तेच. पण चाटीगल्लीकर किरकोळ विकतात. त्यांना तुमच्यासारखं व्हॉट्सअ‍ॅपवर आणलं तर दिवसभर दोन माणसं 'हाय', 'प्राईस?', 'डबलबेड आहे का?' ह्याचीच उत्तरं देत बसतील. माप, रेट, कॅश ऑन डिलिव्हरी आहे का, धुतल्यावर रंग जातो का, एवढं एका हलक्या पानावर असलं की उरलेले चॅट कामाचे येतात.

युनिफॉर्मवाली
हो, ते 'हाय' वाले फार असतात हे खरंय. मे-जूनमध्ये तर फोन हातात धरवत नाही.

यंत्रमाग
बरं मग माझ्यासारख्याने साईट बंदच करावी म्हणता?

जुळे_सोलापूरचा_वेबवाला
नाही काका. तुमचा नवीन व्यापारी फोन करायच्या आधी नाव टाकून बघतोच, हे खरंच आहेत का म्हणून. त्याला तीनच गोष्टी हव्यात, फोन नंबर, पत्ता आणि जीएसटी. तुमच्या साईटवर मी आत्ता बघितलं, नंबर दिसायला आधी 'वेलकम' लिहिलेलं अ‍ॅनिमेशन संपावं लागतं. गिऱ्हाईक आलंय आणि शटर अर्ध्यावरच, असं झालंय ते. अ‍ॅनिमेशन काढा, नंबर सगळ्यात वर, दाबला की फोन लागेल असा. एका पानाची साईट पुरे. आणि गूगल मॅपवरचं बिझनेस प्रोफाईल नीट भरा, बरेच जण साईटवर येणारच नाहीत, तिथनंच फोन करतील.

यंत्रमाग
अ‍ॅनिमेशनचे वेगळे पैसे घेतले होते त्यानं.

शेंगाचटणी
माझा अनुभव सांगतो, ह्याच्यात स्पीडचं दुसरं अंग आहे. आमचा शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा व्यवसाय. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर स्टॉल लावला होता आणि पाकिटावर क्यूआर छापला, स्कॅन केलं की साईट उघडेल, घरी गेल्यावर परत मागवता येईल अशी आयडिया. लोक हौसेनं स्कॅन करायचे, फोनला नेटवर्कच्या काड्या फुल्ल, आणि पान काय उघडेना. गोल फिरतोय फिरतोय. माझ्यासमोर एक बाई फोन असा वर धरून उभ्या, नवरा म्हणतो चल गं, पुढं भाग्यश्रीला पाळण्यात बसायचंय. गेले. तेच पाकीट घरी नेऊन स्कॅन केलं की व्यवस्थित उघडायचं. तेव्हापासून प्रश्न आहे की काड्या फुल्ल असून असं का?

जुळे_सोलापूरचा_वेबवाला
काड्या म्हणजे टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती मोठा येतोय. त्या टॉवरला किती जण लोंबकळलेत ते काड्यांत दिसत नाही. यात्रेत एकाच टॉवरवर हजारो फोन, प्रत्येकाची रील चालू. अशा वेळी प्रत्येक छोट्या मागणीला पण रांग लागते. तुमच्या पानात फॉन्ट एका ठिकाणाहून, फोटो दुसऱ्या, चॅट तिसऱ्या, पेमेंटचं चौथ्या ठिकाणाहून येत असेल तर प्रत्येकाकडं पहिल्यापासून ओळख-पाळख, आणि प्रत्येक वेळी रांगेत परत. घरी हे कळत नाही, गर्दीत मरतं.

तुमच्या क्यूआरसाठी वेगळं पान करा. एक लहान फोटो, तीन पाकिटांचे रेट, एक व्हॉट्सअ‍ॅपचं बटण. सगळं एकाच ठिकाणाहून, फॉन्ट फोनमधलाच, मागाहून काही ओढायचं नाही. शंभर केबीच्या आत बसवा. पुढच्या गड्ड्याला बघा.

शेंगाचटणी
एवढं साधं? डिझाईनवाला नाक मुरडेल.

जुळे_सोलापूरचा_वेबवाला
मुरडू दे.

सातरस्ता_रिटर्न्स
चर्चा वाचतोय. पेजस्पीड इनसाइट्सवर (गूगलचं स्पीड तपासायचं साधन) आमच्या साईटचा मोबाईल स्कोर ३१ होता, एका फ्रीलान्सरने पैसे घेऊन ९४ केला. स्क्रीनशॉट पण पाठवला हिरवागार. पण त्यानंतर मेटावर लँडिंग पेज व्ह्यू एकदम खाली आले आणि खरेदीचे आकडे पण कमी दिसायला लागले, बँकेत पैसे मात्र साधारण तेवढेच येतायत. भुताटकी आहे का काय?

नवीपेठ_ते_पुणे
भुताटकी नाही, ही ठरलेली चलाखी आहे. काही स्पीडवाले प्लगिन सगळं जावास्क्रिप्ट धरून ठेवतात, माणसाने पानाला पहिला हात लावेपर्यंत, म्हणजे स्क्रोल किंवा टॅप करेपर्यंत, काही चालूच होऊ देत नाहीत. स्कोर काढणारं यंत्र स्क्रोल करत नाही, त्याला पान एकदम हलकं दिसतं, स्कोर हिरवा. पण धरून ठेवलेल्यात तुमचा पिक्सेल पण आहे. माणूस आला, वरचं बघितलं, हात न लावता गेला की तो मोजलाच जात नाही. खरेदी झाल्यावरचं 'धन्यवाद' पान बघा, तिथं लोक स्क्रोल करत नाहीत, थेट बंद करतात, म्हणून खरेदी मोजली जात नाही. आणि मेटाची यंत्रणा त्याच मोजणीवरनं शिकते की जाहिरात कुणाला दाखवायची. मोजणी चुकली की ती चुकीच्या लोकांना दाखवत बसते. तेव्हा आधी ते प्लगिन उघडा आणि पिक्सेलला त्यातनं वगळा, निदान धन्यवादच्या पानावर तरी.

आणि तो ९४ गूगल सर्चमध्ये धरत नाही. तो प्रयोगशाळेतला आकडा, मोटो जी पॉवरसारखा फोन आणि हळू ४जी आहे असं समजून काढलेला. गूगल धरतं तो पेजस्पीडच्या त्याच पानाचा वरचा भाग, क्रोम वापरणाऱ्या खऱ्या लोकांचा, मागच्या २८ दिवसांचा. लहान साईटना तिथं बहुतेक 'पुरेसा डेटा नाही' असंच येतं. स्कोरचा उपयोग एवढाच की खाली यादी येते काय जड आहे त्याची. यादी वाचा, स्कोर फ्रेम करून लावू नका.

सातरस्ता_रिटर्न्स
आत्ता लाईट लागली. त्याला फोन लावतो. धन्यवाद ताई.

पूर्वभागातला_सत्या
मी क्लायंटच्या बाजूने नाही, मार्केटिंगवाल्यांच्या बाजूने बोलतो, शिव्या द्या हवं तर. पान जड करतो कोण? आम्हीच. बॉस म्हणतो हीटमॅप (लोक पानावर कुठं बोट लावतात त्याचा नकाशा) लाव, लावला. नवीन अ‍ॅनालिटिक्स ट्राय करू, लावलं. रिव्ह्यूचं विजेट, काउंटडाऊन, 'सोलापुरातून कुणीतरी आत्ताच खरेदी केली' वाला खोटा डबा, लावला. कॅम्पेन संपतं, टॅग कोण काढत नाही. टॅग मॅनेजर उघडलं की मेलेल्या कॅम्पेनची स्मारकं दिसतात. आणि मग महिना अखेरीस मीटिंगमध्ये, डेव्हलपरने साईट हळू का केली. ह्या टॅगनी नुसतं पान उघडायला उशीर होतो असं नाही, स्वस्त फोनचा प्रोसेसर त्यातच गुंतून पडतो, पान दिसतंय पण 'कार्टमध्ये टाका' दाबलं तर काहीच होत नाही, माणूस परत परत दाबतो, मग एकदम तीन चादरी कार्टमध्ये.

चाटीगल्लीकर
हा हा, तीन चादरीची ऑर्डर आली होती आम्हाला, परत केली त्यांनी. आत्ता कळलं.

कडक_भाकरी
अजून एक शंका. गिऱ्हाईक इन्स्टावरनं येतं ते क्रोममध्ये जात नाही, इन्स्टाच्या आतच उघडतं. त्यानं काही फरक?

नवीपेठ_ते_पुणे
पडतो. इन्स्टाच्या आतला ब्राउझर वेगळा, त्याचा साठा वेगळा. कालच क्रोममध्ये तुमची साईट बघितलेला माणूस पण तिथं नव्यासारखाच, सगळं पहिल्यापासून उतरणार, लॉगिन पण नाही. म्हणून जाहिरात इन्स्टाची असेल तर टेस्ट पण तिथनंच करा. स्वतःच्या प्रोफाईलमध्ये लिंक टाका, दुसऱ्याच्या फोनवरनं दाबा, आणि यूपीआयने पैसे भरून परत साईटवर येतंय का तिथपर्यंत जा. बरेच जण पैसे भरायला यूपीआय अ‍ॅपमध्ये जातात आणि परत आल्यावर पान पहिल्यापासून लोड होतं, कार्ट रिकामं. हे कुठल्याच स्कोरमध्ये दिसत नाही.

चाटीगल्लीकर
अपडेट देतो. स्लायडर काढला, एकच फोटो ठेवला, चादरीचा काठ आणि जीआयचं (भौगोलिक मानांकनाचं) लेबल एकत्र दिसेल असा, कारण बाहेरचा माल सोलापुरी म्हणून विकणाऱ्यांचा आम्हाला लई ताप आहे. होस्टिंग मुंबईला नेलं. पॉपअप काढला. दुसरा पिक्सेल काढला. व्हिडिओ खाली नेला, दाबलं तरच चालू होतो, वडिलांना अजून कळलेलं नाही. क्लिक आणि व्ह्यूमधला फरक बराच कमी झालाय. ऑर्डर पण वाढल्यात पण खरं सांगू का, लग्नसराई सुरू झालीय, आहेराच्या चादरी ह्या दिवसांत जातातच, त्यामुळं किती स्पीडने आणि किती मुहूर्ताने ते मला सांगता यायचं नाही.

नवीपेठ_ते_पुणे
जुनं पान अजून आहे का कुठं? असेल तर मेटाच्या ए/बी टेस्टमध्ये निम्मं बजेट जुन्यावर आणि निम्मं नव्यावर टाका, जाहिरात तीच, लोक तेच, दिवस तेच. लग्नसराई दोन्हीकडं सारखी पडेल. बजेट लहान असेल तर लगेच निकाल काढू नका, मोजक्या ऑर्डरीच्या फरकावर काही ठरत नाही, ऑर्डर कमी असतील तर निदान 'कार्टमध्ये टाकलं' ह्याचा तरी फरक बघा.

यंत्रमाग
जुन्या पानावर मुद्दाम पैसे घालायचे? हे बरंय.

नवीपेठ_ते_पुणे
काका, खात्री पाहिजे असेल तर तेवढी फी. नको असेल तर नका घालू, पान हलकं झालंय ते झालंयच.

युनिफॉर्मवाली
मराठी फॉन्टचं कुणी बोललं नाही. आमच्या नव्या पानावर सगळा मजकूर मराठीत आहे, मुक्ता फॉन्ट वापरलाय, तर उघडताना आधी एका फॉन्टमध्ये दिसतं, मग टक्कन बदलतं आणि बटण खाली सरकतं. तेच ते सीएलएस का?

जुळे_सोलापूरचा_वेबवाला
तेच. देवनागरीच्या फॉन्टमध्ये जोडाक्षरं धरून आकार खूप असतात म्हणून फाईल इंग्रजीपेक्षा मोठी, आणि साधा, ठळक, अतिठळक प्रत्येकाची वेगळी फाईल. तुम्ही अशी किती वजनं, म्हणजे जाडीचे प्रकार, घेतलीत?

युनिफॉर्मवाली
पाच दिसतायत. वापरात दोनच असतील.

जुळे_सोलापूरचा_वेबवाला
मग तीन आधी काढा. आणि मुक्ता फक्त मथळ्याला ठेवून खालच्या मजकुराला फोनमधला फॉन्ट द्या, अँड्रॉइडमध्ये नोटोची देवनागरी असतेच, चांगली वाचता येते. फाईल लहान करायला कुणी अक्षरं कापून देतो म्हणाला तर आधी 'ट्र', 'ज्ञ', 'र्‍या' आणि 'ङ्क' टाईप करून बघायचं, हमखास तिथं मोडतं.

युनिफॉर्मवाली
आत्ता बघितलं, 'कॉन्ट्रास्ट' मधला ट्र तुटलाय. उद्या पोराला बसवते.